शिकवण्याचं पारडं

(दृश्य : प्रभातचा जुना स्टुडिओ. रिकामा फ्लोअर, वर दिव्यांसाठी टांगलेल्या फळ्या. दोन विद्यार्थी सेटची भिंत उभी करताहेत.)

हा प्रभातचा स्टुडिओ. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि इथं स्थिरावली. 'संत तुकाराम' इथंच उभा राहिला, १९३६ साली. पुढं कंपनीचं काम थांबलं. १९६० मध्ये भारत सरकारनं याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज आपण तिला एफटीआयआय म्हणतो. पुणेकर अजूनही रिक्षावाल्याला 'प्रभात स्टुडिओ' सांगतात आणि रिक्षावाला बरोबर आणून सोडतो.

स्टुडिओतली भिंत आजही अशीच उभी राहते. लाकडी चौकट, तिच्यावर प्लाय, मागून तिरके टेकू. विद्यार्थी आधी भिंत उभी करायला शिकतो आणि मग ती कॅमेऱ्यातून कशी दिसते ते बघतो.

(दृश्य : आवारातलं झाड. पारावर बसलेली मुलं-मुली, हातात चहाचे पेले.)

आणि हे झाड. इथं याला 'विज्डम ट्री' म्हणतात. १९६०च्या दशकाच्या मध्यात बंगालमधून आलेले एक मास्तर वर्ग सुटल्यावरही विद्यार्थ्यांना घेऊन या झाडाखाली बसायचे, असं या आवारातली प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला सांगत आली आहे. उंच, सडसडीत, विस्कटलेले केस, अंगात कुर्ता. विद्यार्थी त्यांना ऋत्विकदा म्हणायचे.

ऋत्विक घटक. 'मेघे ढाका तारा'चे दिग्दर्शक. त्यांच्याविषयी लिहिलेल्या बहुतेक लेखांमध्ये पुण्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, तोही 'चित्रपट मिळेनात म्हणून नोकरी धरली' अशा सुरात. ही फिल्म त्या परिच्छेदाबद्दल आहे.

(दृश्य : नदीचं विस्तीर्ण पात्र, पहाट. होडीतून घेतलेलं लांबलचक दृश्य.)

ही पद्मा. घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५चा, ढाक्यातला. जुळ्यांपैकी ते एक. जुळी बहीण प्रतीती. वडील सुरेशचंद्र जिल्हा दंडाधिकारी होते, त्यामुळं बदल्या ठरलेल्या. थोरले बंधू मनीष घटक बंगालीतले नावाजलेले लेखक, आणि मनीषबाबूंची मुलगी म्हणजे महाश्वेता देवी. घरात पुस्तकं, गाणं, नाटक. बाहेर ही नदी. जिचा पलीकडचा काठ दिसत नाही अशी नदी लहानपणी पाहिलेल्या माणसाच्या चौकटीत पुढं आयुष्यभर एवढं मोठं आभाळ का राहिलं, ते हे पात्र बघितल्यावर कळतं. माणूस खाली कोपऱ्यात, आणि वर नुसतं आभाळ. त्यांच्या कॅमेऱ्याला रुंद कोनाची भिंगं प्रिय होती.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. खेड्यापाड्यांतून माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर आली. ती भात मागत नव्हती, भाताची पेज मागत होती. घटक तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. त्यानंतर चार वर्षांनी फाळणी झाली. ढाका, राजशाही, पद्मेचा तो काठ, सगळं पलीकडं राहिलं. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस उरलेल्या देशानं ज्या डोळ्यांनी पाहिला, त्या डोळ्यांनी घटकांना तो कधीच पाहता आला नाही.

(दृश्य : नाट्यगृहाचा रिकामा मंच, एकच दिवा. जुनी छायाचित्रं.)

ते आधी लिहीत होते. कविता, मग कथा. कथा थोड्यांपर्यंत पोहोचते म्हणून ते नाटकाकडे गेले. इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेत सामील झाले, दुष्काळावरच्या 'नबान्न' या नाटकात उभे राहिले, 'दलील' हे फाळणीवरचं नाटक लिहिलं. नाटक मैदानात हजार-दोन हजार माणसं बघतात, सिनेमा लाखो बघतात, म्हणून सिनेमाकडे आले. याहून जास्त लोकांपर्यंत पोहोचवणारं माध्यम उद्या निघालं तर मी सिनेमा सोडून देईन, असं ते उघड म्हणायचे. सिनेमावाल्यांना ते झोंबायचं. पण ज्याला सांगायची घाई आहे तो माणूस माध्यमाला कवटाळून बसत नाही. तो जिथून आवाज लांब जाईल तिथं जाऊन उभा राहतो. वर्गखोलीही तशीच एक जागा आहे, हे पुढं पुण्यात दिसलं.

'नागरिक' १९५२ मध्ये पूर्ण झाला. नोकरी शोधत कलकत्त्याच्या रस्त्यांवर फिरणारा मुलगा आणि पायरीपायरीनं खाली घसरत जाणारं त्याचं घर. सिनेमा तयार होता आणि तो दाखवला गेला नाही. पहिलाच सिनेमा असा डब्यात. मधल्या काळात त्यांनी मुंबईत फिल्मिस्तानमध्ये पटकथाकाराची नोकरी केली. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ची कथा घटकांचीच. तो सिनेमा धो धो चालला. घटक तोवर कलकत्त्याला परतले होते.

(दृश्य : 'अजांत्रिक'मधली जुनी मोटार, छोटा नागपूरचे चढ-उतार.)

१९५८चा 'अजांत्रिक'. बिमल नावाचा एकटा टॅक्सीवाला आणि जगद्दल नावाची त्याची खटारा गाडी. या गाडीला घटक माणसासारखे आवाज देतात. ती घटाघटा पाणी पिते, कुरकुरते, रुसते. चित्रात फक्त पत्रा आहे. जीव आवाजानं आला आहे. हे लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात आपण एडिटिंग टेबलावर जाणार आहोत.

(दृश्य : 'मेघे ढाका तारा'ची सुरुवात. नदीकाठचं प्रचंड झाड.)

आणि मग १९६०. प्रचंड झाड, त्याखालून चालत येणारी एक मुलगी, आधी ठिपक्याएवढी. तिचा भाऊ काठावर बसून गातोय, मागून आगगाडी जाते. थोडं पुढं आल्यावर तिच्या चपलेचा अंगठा तुटतो. ती थांबते, वाकून बघते आणि तशीच पाय ओढत पुढं चालू लागते. ही नीता. निर्वासितांच्या वसाहतीतलं अख्खं घर तिच्या पगारावर चाललंय आणि नवी चप्पल घेणं तिच्या मनातही येत नाही. सिनेमाच्या शेवटी तिच्या भावाला रस्त्यात दुसरीच एक मुलगी दिसते, तिचीही चप्पल तुटलेली. घटकांना व्याख्यान देता यायचं, फर्डं देता यायचं, पण सिनेमात ते एका चपलेनं काम भागवतात.

१९६१ मध्ये 'कोमल गांधार' आला. पद्मेच्या काठावर येऊन संपलेले रूळ. पूर्वी गाडी इथून पुढं जायची, आता पलीकडं दुसरा देश आहे. कॅमेरा रुळांवरून धावत सुटतो, मागं नावाड्यांच्या गाण्यातला धावा चढत जातो, शेवटच्या अडसरावर कॅमेरा आदळतो आणि पडदा काळा होतो. फाळणीवर हजारो पानं लिहिली गेली आहेत. आम्हाला या काही सेकंदांइतकं नेमकं दुसरं काही सापडलं नाही. लोकांनी मात्र सिनेमा नाकारला. इप्टाच्या ज्या नाट्यचळवळीची ती गोष्ट होती त्या चळवळीतल्यांनाही तो रुचला नाही. १९६२ मध्ये चित्रित झालेल्या 'सुवर्णरेखा'ला पडदा मिळायला १९६५ उजाडलं.

त्याच सुमारास घटक पुण्याला आले आणि इन्स्टिट्यूटचे उपप्राचार्य झाले. चाळिशीच्या उंबरठ्यावर.

(दृश्य : इन्स्टिट्यूटचं मुख्य चित्रपटगृह. दिवे मालवले जातात. प्रोजेक्टरचा झोत.)

तेव्हाची ही शाळा नवीकोरी होती. सिनेमा शाळेत शिकता येतो, हेच मुळात धंद्यातल्या लोकांना पटत नव्हतं. कोणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं क्लॅप मारायची, उस्ताद खूश झाला तर कॅमेऱ्याजवळ जायचं, अशी रीत. इथं मात्र सतीश बहादूर चित्रपट रसग्रहण शिकवत होते, सिनेमाची एकेक चौकट कवितेच्या ओळीसारखी उलगडून दाखवत होते. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी गोळा केलेल्या जगभरच्या रिळांचा फायदा सगळ्यात आधी या आवारातल्या मुलांना झाला. शिकवायला माणसं होती, बघायला सिनेमे होते. स्वतः सिनेमा करताना पोळलेला दिग्दर्शक घटकांच्या रूपानं आला.

त्यांच्या शिकवण्याची दिशा त्यांच्या लिखाणात स्वच्छ दिसते. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन वाचा, जर्मन नाटककार ब्रेख्त वाचा. ब्रेख्तची नाटकं त्यांनी स्वतः बंगालीत आणली होती. पण त्याच दमात रामायण-महाभारत वाचा, बंगालचं लोकनाट्य जात्रा बघा, शास्त्रीय संगीत ऐका, रवींद्रनाथ तर हवेतच. आपल्याकडचा प्रेक्षक गोष्ट पुढं काय होणार यासाठी येत नाही, गोष्ट त्याला पाठ असते. ती कशी सांगितली जाते ते बघायला तो रात्रभर बसतो, असं त्यांचं म्हणणं. कीर्तन आणि दशावतार बघत वाढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. मेलोड्रामा, म्हणजे भावना भडक करून मांडणारं नाट्य, हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जायचा. घटकांनी तो आपला हक्काचा प्रकार म्हणून उचलला.

(दृश्य : एडिटिंगची खोली. जुनं टेबल. पांढरे हातमोजे घातलेले हात चाकावर फिल्म चढवताहेत.)

सगळ्यात जास्त ते बोलायचे आवाजाबद्दल. चित्रपटातल्या ध्वनीवरच्या लेखात त्यांनी त्याचे पाच भाग मोजले आहेत : संवाद, संगीत, प्रसंगात आपसूक येणारे आवाज, परिणामासाठी मुद्दाम योजलेले आवाज, आणि पाचवी शांतता. शांतता हाही आवाजच, आणि तो नीट लावावा लागतो.

ते काम हातानं कसं व्हायचं ते बघू. इन्स्टिट्यूटमधलं शिक्षण आता संगणकावर चालतं, पण हे टेबल अजून फिरतं. आजच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एक छोटा प्रयोग केला. टेबलावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी धावतात. एक चित्राची, ३५ मिलिमीटरची. दुसरी तपकिरी, तेवढ्याच रुंदीची, तिच्या कडेला तशीच भोकं; ती आवाजाची. दोन्ही पट्ट्या एकाच दातेरी चाकावर बसतात, म्हणून बरोबर चालतात. सेकंदाला २४ चौकटी. एका फुटात १६. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं.

चित्रात एक मुलगी जिना उतरतेय. आवाजाच्या पट्टीवर एकच आवाज आहे : चाबकाचा फटकारा. मेणाच्या पेन्सिलीनं खूण केली, कापलं, चिकटपट्टीनं जोडलं. आधी फटकारा तिचं पाऊल पायरीवर टेकतं त्या चौकटीवर ठेवला. ऐकताना वाटतं, पायरीच वाजली. मग पट्टी १२ चौकटी मागं सरकवली, म्हणजे अर्धा सेकंद. आता फटकारा आधी येतो आणि पाऊल नंतर पडतं. मुलगी तीच, जिना तोच, चेहऱ्यावरची रेष हललेली नाही. पण आता तिला कोणीतरी मारलंय. कोणी, ते चित्रात नाही.

(दृश्य : टेबलाच्या छोट्या पडद्यावर तोच तुकडा पुन्हा. विद्यार्थिनीचा चेहरा, प्रकाश तिच्या चष्म्यावर.)

पुन्हा लावा, असं ती म्हणाली. पुन्हा लावलं. मग तिनंच पट्टी आणखी ६ चौकटी मागं घेतली.

'मेघे ढाका तारा'मध्ये नीता आपल्या प्रियकराच्या खोलीतून बाहेर पडून जिना उतरते तेव्हा हाच फटकारा येतो. खोलीत दुसरं कोणीतरी आहे, हे तिला कळलंय. पुढं भावाबरोबर रवींद्रनाथांचं गाणं गाता-गाता ती कोसळते तेव्हा गाण्याच्या शेवटी तो पुन्हा येतो, आणि एकदा नाही, सटासट येत राहतो. तेव्हा चाबूक कुठून आला असा प्रश्न पडत नाही. हे पुस्तकात वाचून समजतं, पण हाताला येत नाही. त्यासाठी असं टेबल लागतं, आणि शेजारी ज्यानं स्वतः तो आवाज लावला आहे असा माणूस बसलेला असावा लागतो. पुण्यातल्या मुलांना तो माणूस मिळाला होता. केवढं मोठं भाग्य हे!

घटकांनी इथं मुलांना कामालाही लावलं. १९६५चा 'फियर' हा लघुपट इन्स्टिट्यूटमध्येच झाला. आपला शिक्षक शॉट लावताना कुठं अडतो, काय खोडतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

(दृश्य : कुमार शहानी, मणी कौल, जॉन अब्राहम यांची छायाचित्रं. त्यांच्या चित्रपटांचे तुकडे.)

कोण होती ही मुलं? कुमार शहानी. मणी कौल. जॉन अब्राहम. त्याच काळात इथं कॅमेरा शिकत होते के. के. महाजन. पुढं मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' त्यांनी टिपला, मणी कौल यांचा 'उसकी रोटी'ही त्यांनीच.

शहानींना तर या शहरानं आणखी एक गुरू दिला, दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, आणि भारतीय इतिहासाची मांडणी बदलून टाकणारे. एका विद्यार्थ्याला घटक आणि कोसंबी दोघंही लाभावेत, याचा पुण्यानं कधी फारसा गाजावाजा केला नाही. करायला हवा होता. शहानी पुढं फ्रान्सला गेले, तिथं दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांच्याकडे साहाय्यक राहिले, आणि १९७२ मध्ये 'माया दर्पण' केला. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' १९७०च्या आसपास आला आणि हिंदी सिनेमाची चाल त्यानं पार मंद केली, इतकी की बघणारा अस्वस्थ व्हावा. मराठी माणसाला मणी कौल आणखी एका कारणानं जवळचे वाटावेत. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वरचा १९७६चा चित्रपट युक्त या सहकारी गटानं केला, आणि त्याच्या दिग्दर्शकांत के. हरिहरन यांच्याबरोबर मणी कौल होते.

गंमत अशी की यांतला एकही सिनेमा घटकांच्या सिनेमासारखा दिसत नाही. गुरूच्या चौकटीत आभाळ फुटतं, आवाज अंगावर येतो. शहानी आणि कौल आवाज खाली आणतात, चेहरे थांबवतात. नक्कल करणारे चेले तयार करणं सोपं असतं. ज्याचं ज्याला सापडावं असं शिकवणं फार कमी जणांना जमतं, आणि घटकांना ते थोड्या काळात जमलं.

(दृश्य : केरळ. मैदानात बांधलेला पडदा, चादरीवर बसलेली माणसं.)

जॉन अब्राहम वेगळ्या वाटेनं गेले. 'उसकी रोटी'ला ते कौल यांचे साहाय्यक होते. मग दक्षिणेकडे परतले. १९८४ मध्ये त्यांनी मित्रांना घेऊन ओडेसा नावाचा गट काढला. गावोगावी जायचं, पडदा बांधायचा, जगातले चांगले सिनेमे दाखवायचे आणि लोकांकडून पैसे गोळा करायचे. त्या पैशांतून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा मल्याळम चित्रपट झाला. निर्माता, वितरक, तिकीटखिडकी, काहीच नाही. सिनेमा लोकांपर्यंत पोहोचला पाहिजे या घटकांच्या हट्टाला जॉन यांनी थेट प्रेक्षकाच्या खिशापर्यंत नेलं. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

(दृश्य : पुन्हा इन्स्टिट्यूट. व्हरांड्यातून जाणारी मुलं, हातात ट्रायपॉड.)

घटक पुण्यात फार काळ राहिले नाहीत. कलकत्त्याला परतल्यावर दारू, आजारपण, १९६९ मध्ये मनोरुग्णालय. १९७०चं पद्मश्री. बांगलादेशात जाऊन केलेला 'तितास एकटि नदीर नाम', १९७३. मग 'जुक्ती तक्को आर गप्पो', ज्यात थकलेल्या, दारूत बुडालेल्या बुद्धिवाद्याची भूमिका त्यांनी स्वतः केली. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या पन्नाशीत, ते गेले.

त्याआधी त्यांना पुण्यातल्या दिवसांबद्दल विचारलं गेलं होतं. तराजूच्या एका पारड्यात माझे सगळे चित्रपट आणि दुसऱ्यात माझं शिकवणं ठेवलं, तर शिकवण्याचं पारडं जड होईल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. कारणही सांगितलं : काश्मीरपासून केरळपर्यंत, मद्रासपासून आसामपर्यंत आज माझे विद्यार्थी आहेत. ज्यानं 'मेघे ढाका तारा' केला तो माणूस हे म्हणतोय. याला विनय म्हणून सोडून देऊ नये. पोहोचण्याचा हिशोब ते आयुष्यभर मांडत आले होते, आणि त्या हिशोबात पुणे वरच्या रकान्यात आहे. हा पडता काळ असेल, तर असा पडता काळ प्रत्येक फिल्म शाळेला मिळावा. आज शाळेला इमारती, कॅमेरे, संगणक मिळवून देण्यावर बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण शिकवायला कोण येणार, त्याला किती मोकळीक देणार, हे सगळ्यात आधी ठरलं पाहिजे.

(दृश्य : फिल्मचे गोल पत्र्याचे डबे, लेबलं. 'नागरिक'मधला रस्ता. मग 'अग्रहारत्तिल कळुदै'मधलं गाढवाचं पिल्लू.)

१९५२ साली डब्यात गेलेला 'नागरिक' अखेर चित्रपटगृहात लागला तो सप्टेंबर १९७७ मध्ये. दिग्दर्शकाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच १९७७चा जॉन अब्राहम यांचा तमिळ चित्रपट 'अग्रहारत्तिल कळुदै'. ब्राह्मणांच्या वस्तीत राहणारा एक प्राध्यापक आईवेगळ्या गाढवाच्या पिल्लाला घरी घेऊन येतो आणि अख्खी वस्ती त्याच्यावर उठते. सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गुरूचा पहिला सिनेमा आणि शिष्याचा हा सिनेमा, दोन्ही एकाच वर्षी लोकांसमोर आले.